शेजारच्या देशात शिकायला जाताना, शेजारच्या देशातून शिकायला येताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यातल्या वसतिगृहांमधून नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका इथली मुलं विचारतात. लातूर-नांदेडकडून नीटचे गुण हातात घेऊन पालक विचारतात. दोघांच्या वाटा उलट दिशेच्या आहेत, पण अडतात ते एकाच ठिकाणी. माणूस सीमा ओलांडतो, त्याची गुणपत्रिका आणि पदवी मात्र मागे अडकून राहते. म्हणून इथे प्रवासापेक्षा कागदांबद्दलच जास्त लिहिलं आहे. प्रश्न लोक विचारतात त्याच शब्दांत ठेवलेत. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी त्या-त्या संस्थेचं त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचाच.

१. शेजारच्या देशांतून भारतात शिकायला खरंच किती मुलं येतात?

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. त्यात नेपाळचे २८ टक्के, म्हणजे साधारण तेरा हजार. अफगाणिस्तानचे ६.७ टक्के, बांगलादेशचे ५.६ आणि भूतानचे ३.३ टक्के. त्याच वर्षी देशातल्या एकूण विद्यार्थ्यांची संख्या ४.३३ कोटी होती. म्हणजे हजार विद्यार्थ्यांत जेमतेम एक परदेशी. एवढ्या मोठ्या देशाला ही संख्या शोभत नाही.

आणि नातं तर जुनं आहे. काठमांडूचं त्रि-चंद्र कॉलेज १९१८ मध्ये निघालं तेव्हा नेपाळमध्ये विद्यापीठच नव्हतं. कॉलेज आधी कलकत्ता आणि नंतर पाटणा विद्यापीठाला जोडलेलं होतं. त्रिभुवन विद्यापीठ आलं ते १९५९ मध्ये. भूतानमधल्या कांगलुंगचं शेरुब्त्से कॉलेज १९८३ पासून दिल्ली विद्यापीठाशी संलग्न होतं आणि २००३ मध्ये भूतानचं स्वतःचं रॉयल विद्यापीठ उभं राहीपर्यंत तिथल्या मुलांना दिल्लीची पदवी मिळत होती. नेपाळचे माजी पंतप्रधान बाबुराम भट्टराई यांनी जेएनयूमधून पीएच.डी. केली. सप्टेंबर २०२५ मध्ये अंतरिम पंतप्रधान झालेल्या सुशीला कार्की बनारस हिंदू विद्यापीठाच्या एम.ए.

२. मी नेपाळची आहे. पुण्यात शिकायला व्हिसा लागेल का?

नाही. नेपाळ आणि भूतानच्या नागरिकांना आपल्या देशातून भारतात यायला व्हिसा लागत नाही, शिकायलाही नाही. नेपाळच्या बाबतीत याचं मूळ १९५० च्या मैत्री करारात आहे. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, फिरण्याची, व्यापार करण्याची मोकळीक दिली. भूतानशी १९४९ चा करार आहे, तो २००७ मध्ये नव्याने झाला.

एक अपवाद लक्षात ठेवा. तुम्ही चीन, हाँगकाँग, मकाव, पाकिस्तान किंवा मालदीवमधून थेट भारतात येत असाल तर नेपाळी पासपोर्ट असूनही व्हिसा लागतो. नेपाळ-भूतानशिवाय अन्य कुठूनही येताना निदान पासपोर्ट जवळ हवाच.

व्हिसा नाही म्हणजे ओळखपत्र नाही, असं मात्र समजू नका. रक्सौल किंवा सोनौलीहून बसने आलात तरी मूळ नागरिकता प्रमाणपत्र सोबत आणा. कॉलेज, बँक, घरमालक, सगळे तेच मागतात. शक्य असेल तर निघण्याआधी पासपोर्ट काढून घ्या, इथे आल्यावर निम्मी कामं त्यामुळे सोपी होतात.

३. आमच्या शाळेची सहल काठमांडूला जायची आहे. मुलांना पासपोर्ट लागतो का? आधार चालतं का?

प्रौढ भारतीयाला नेपाळसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार कार्ड पुरतं ते फक्त १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना. पंधरा ते अठरा या वयातल्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेलं ओळखीचं प्रमाणपत्र चालतं. नववी-दहावीच्या सहलीत नेमकी हीच मुलं असतात, त्यामुळे हे पत्र प्रत्येकाचं वेगळं आणि फोटोसकट करून घ्या.

४. मी बांगलादेशची आहे, माझी मैत्रीण श्रीलंकेची. आम्हाला काय लागेल?

दोघींना विद्यार्थी व्हिसा लागेल. तो अभ्यासक्रमाच्या मुदतीचा, जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. पर्यटक व्हिसावर येऊन इथे तो विद्यार्थी व्हिसात बदलून घेऊ, असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आधी प्रवेशपत्र, मग व्हिसा, मग प्रवास, हाच क्रम. व्हिसावर संस्थेचं नाव असतं, त्यामुळे मध्येच कॉलेज बदलायचं तर परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाची परवानगी आधी घ्यावी लागते.

बांगलादेशच्या विद्यार्थ्यांनी वेळ हाताशी ठेवावा. ऑगस्ट २०२४ नंतर भारताने तिथली व्हिसा सेवा बरीच आटवली आणि तातडीचे वैद्यकीय रुग्ण व विद्यार्थी यांच्यासाठी ती मर्यादित स्वरूपात चालू ठेवली. प्रवेश पक्का झाला की त्याच आठवड्यात अर्जाला लागा.

५. आल्यावर पोलिसांत नोंदणी करावी लागते का? घरमालक घाबरतो आहे.

विद्यार्थी व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. आता ती ऑनलाइन होते. नेपाळ-भूतानच्या विद्यार्थ्यांना ही नोंदणी लागत नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आणि जुने चार कायदे त्यात विलीन झाले. त्यामुळे इंटरनेटवर सापडणाऱ्या जुन्या फॉर्मच्या नावांवर विसंबू नका.

घरमालकाला परदेशी भाडेकरूची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यावी लागते. याला सगळे अजून ‘सी फॉर्म’च म्हणतात. शिवाय नेहमीची भाडेकरूची पोलीस पडताळणी असतेच. हे काम पंधरा-वीस मिनिटांचं आहे. घरमालकाने त्यासाठी जास्त डिपॉझिट मागितलं तर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी विभागाला मध्ये घाला. माहिती कळवण्याची जबाबदारी कॉलेजवरही असते, त्यामुळे त्यांना ही पद्धत पाठ असते.

६. मी दार्जिलिंगची आहे, मातृभाषा नेपाळी. मला सगळे पासपोर्ट का विचारतात?

अज्ञानामुळे विचारतात, आणि हे थांबायला हवं. दार्जिलिंग, सिक्कीम, आसाम, डेहराडून इथले नेपाळीभाषक गोरखा लोक भारताचे नागरिक आहेत. नेपाळी भाषा १९९२ पासून राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे. तुम्ही परदेशी कोट्यात येत नाही, तुम्हाला परदेशी शुल्क लागत नाही आणि सी फॉर्मही लागत नाही. मतदार ओळखपत्र किंवा भारतीय पासपोर्ट दाखवा. एवढ्यावरही कोणी अडवलं तर लेखी कारण मागा.

७. नेपाळची बारावी महाराष्ट्रात चालते का?

चालते. नेपाळच्या राष्ट्रीय परीक्षा बोर्डाची बारावी इथल्या बारावीच्या बरोबरीची धरतात. मुलं अडतात ती तीन बारीक गोष्टींवर.

पहिली गोष्ट तारखांची. नेपाळचे कागद विक्रम संवतात असतात आणि तो इसवी सनाच्या जवळजवळ ५७ वर्षं पुढे चालतो. नागरिकतेवर जन्मसाल २०६३ आणि पासपोर्टवर २००६ दिसलं की इथल्या कारकुनाचा गोंधळ होतो. त्याहून वाईट म्हणजे रूपांतर करताना एखाद-दोन दिवसांची चूक होते आणि दोन कागदांवर दोन जन्मतारखा येतात. निघण्याआधी सगळे कागद समोर मांडून इसवी सनातली तारीख एकच आहे ना, ते बघा. नसेल तर दुरुस्ती तिकडेच करून घ्या. इथे बसून ती करणं फार जिकिरीचं आहे.

दुसरी गोष्ट गुणांची. नेपाळमध्ये श्रेणी आणि जीपीए मिळतो, इथले ऑनलाइन अर्ज टक्के मागतात. मनाने आकडा भरू नका. बोर्डाने गुणांचं रूपांतर दिलं असेल तर तो कागद जोडा, नाहीतर विद्यापीठाच्या इलिजिबिलिटी विभागाला त्यांचं सूत्र विचारा.

तिसरी गोष्ट वेळेची. तिकडचा बारावीचा निकाल अनेकदा जुलै-ऑगस्टमध्ये लागतो, तोवर इथल्या फेऱ्या उरकत आलेल्या असतात. त्यामुळे अकरावीच्या निकालावर तात्पुरता प्रवेश देता का, असं एप्रिल-मेमध्येच लेखी विचारून ठेवा. मायग्रेशन सर्टिफिकेटही आठवणीने आणा, त्याशिवाय इलिजिबिलिटी कायम होत नाही.

८. आणि भूतान, श्रीलंका, बांगलादेशची बारावी?

भूतानची चालते. शिक्षण इंग्रजीतून होतं आणि तिथली बारावीची परीक्षा एकेकाळी दिल्लीचं आयसीएसईवालं कौन्सिलच घेत असे, त्यामुळे शंका कमी येतात. तिथलं शैक्षणिक वर्ष डिसेंबरात संपतं, म्हणून मधले काही महिने हातात राहतात. श्रीलंकेचं ए लेव्हल तेरा वर्षांच्या शालेय शिक्षणानंतरचं आहे, पण मुलं तीनच मुख्य विषय घेतात. इंजिनिअरिंगसाठी भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही आहेत का, ते पाहा. बांगलादेशची एचएससी बारा वर्षांची आहे. कागद बंगालीत असतील तर इंग्रजी प्रत बोर्डाकडूनच घ्या.

यापलीकडे कोणी समकक्षता प्रमाणपत्र मागितलं तर प्रश्न १६ पाहा.

९. परदेशी म्हणून जास्त फी घेतात. नेपाळला व्हिसा नाही, मग फी परदेशी का?

कारण प्रवासाची मोकळीक वेगळी आणि शुल्क वेगळं. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना मंजूर जागांच्या वर आणखी २५ टक्के जागा परदेशी विद्यार्थ्यांसाठी तयार करायला परवानगी दिली. एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, अभ्यासक्रमांत अशा जादा जागा १५ टक्के आहेत आणि त्यातल्या एक तृतीयांश आखाती देशांत काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी राखीव असतात. या जागांचं शुल्क संस्था ठरवते. काही विद्यापीठं नेपाळ-भूतानला भारतीय शुल्कात बसवतात, काही सार्कच्या, म्हणजे दक्षिण आशियातल्या आठ देशांच्या संघटनेतल्या, देशांना सवलत देतात, काही अमेरिकन विद्यार्थ्याइतकंच शुल्क डॉलरमध्ये सांगतात.

माझं स्पष्ट मत आहे की शेवटचा प्रकार चुकीचा आहे. नेपाळी रुपया १९९३ पासून १.६० ला एक भारतीय रुपया या दराने बांधलेला आहे, भूतानचा न्गुलत्रुम तर रुपयाच्या बरोबरीचा आहे. अशा देशांतल्या शेतकऱ्याच्या मुलीकडून डॉलर मागण्यात शेजारधर्म उरत नाही. निवड करताना ‘सार्क शुल्क किती’ हा प्रश्न याच शब्दांत विचारा. बऱ्याचदा सवलत असते, पण माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर.

१०. शिष्यवृत्ती कोणती मिळेल?

मुख्य दार भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचं, म्हणजे आयसीसीआरचं. मौलाना आझादांनी १९५० मध्ये ही संस्था स्थापन केली. तिची कार्यालयं मुंबई आणि पुण्यातही आहेत. अर्ज एकाच ऑनलाइन पोर्टलवर होतात आणि त्यातच विद्यापीठांचे पसंतीक्रम द्यायचे असतात. भूतानसाठी नेहरू-वांगचुक, बांगलादेशसाठी २०२१ मध्ये सुरू झालेली सुवर्ण जयंती, श्रीलंकेसाठी नेहरू स्मारक आणि मौलाना आझाद अशा देशवार योजना आहेत. पदवी आणि पदव्युत्तरसाठी वयाची अट १८ ते ३० आहे, पीएच.डी.साठी ४५ पर्यंत.

मेडिकल, डेंटल आणि नर्सिंग यात बसत नाहीत. दरवर्षी कितीतरी मुलं पसंतीक्रमात एमबीबीएस लिहून अख्खा अर्ज वाया घालवतात.

पसंतीक्रम भरताना सगळे दिल्ली-मुंबईची नावं टाकतात. नागपूर, कोल्हापूर, औरंगाबादच्या विद्यापीठांतही उत्तम विभाग आहेत आणि राहणं निम्म्या खर्चात होतं. पाचपैकी दोन तरी पर्याय असे ठेवा.

११. दक्षिण आशियाई विद्यापीठ चालू आहे की सार्कबरोबर ते पण थंडावलं?

चालू आहे. २००५ च्या ढाका परिषदेत डॉ. मनमोहन सिंग यांनी कल्पना मांडली, एप्रिल २००७ मध्ये दिल्लीत करार झाला आणि २०१० मध्ये चाणक्यपुरीच्या अकबर भवनात वर्ग सुरू झाले. आता विद्यापीठ दक्षिण दिल्लीत मैदानगढीच्या स्वतःच्या आवारात आहे. बांधकामाचा सगळा खर्च भारताने उचलला. सुरुवातीला फक्त पदव्युत्तर आणि पीएच.डी. होतं, आता पदवीचे अभ्यासक्रमही आहेत.

या विद्यापीठाचं खरं मोल पदवीत आहे. करारानुसार ती आठही सार्क देशांत मान्य आहे. काठमांडू, कोलंबो, थिम्पू कुठेही समकक्षतेचे अर्ज करत फिरावं लागत नाही. सार्कची शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ नंतर झालेली नाही, राजकारण तिथेच थिजलं आहे. तरीही एका वर्गात चितगावचा मुलगा आणि साताऱ्याची मुलगी शेजारी बसून विकासाचं अर्थशास्त्र शिकतात, ही गोष्ट मराठी घरांमध्ये जवळजवळ कोणाला ठाऊक नाही. साधारण निम्म्या जागा भारतीयांसाठी असतात. पदव्युत्तर प्रवेशाचा विचार करताना हे नाव यादीत असायलाच हवं.

१२. माझा जन्म पुण्याचा, दहावी-बारावी इथली, मराठी माझी बोली. आईवडील नेपाळचे. मी परदेशी कशी?

हा प्रश्न वॉचमनच्या, हॉटेलात काम करणाऱ्यांच्या, घरकाम करणाऱ्या बायकांच्या मुलांकडून येतो. त्याचं उत्तर देताना दर वेळी वाईट वाटतं.

कायदा जन्माची जागा बघत नाही, आईवडिलांचं नागरिकत्व बघतो. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेलं मूल जन्माने भारतीय ठरतं ते आईवडील दोघं भारतीय असतील तर, किंवा एक भारतीय असून दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तर. दोघंही नेपाळचे असतील तर मूल नेपाळचं.

शाळेपर्यंत हे जाणवत नाही. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या प्रत्येक मुलाला लागू आहे, त्यात नागरिकत्वाची अट नाही. दहावीलाही कोणी विचारत नाही. बारावीनंतर सीईटीच्या अर्जात राष्ट्रीयत्व आणि डोमिसाइल विचारतात आणि तिथे दार बंद होतं. भारतीय नागरिक नसलेल्याला डोमिसाइल मिळत नाही, ते नसलं की राज्याच्या कोट्यातली जागा नाही, आणि मग उरतात प्रश्न ९ मधल्या महागड्या जागा.

यातून वाट काढायची तर दहावीतच तयारी करा. नेपाळमधल्या आपल्या जिल्ह्यातून सोळाव्या वर्षी नागरिकता प्रमाणपत्र काढा, म्हणजे आयसीसीआरसारख्या शिष्यवृत्तीला नेपाळची विद्यार्थिनी म्हणून अर्ज करता येतो. साध्या बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.साठी अनुदानित कॉलेजच्या प्राचार्यांना समक्ष भेटा, अनेक ठिकाणी शुल्काचा प्रश्न तिथल्या तिथे सुटतो. खोटं डोमिसाइल काढून देणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका. पदवी हातात आल्यावरही ती त्या कारणाने रद्द होऊ शकते.

आई किंवा वडील यांपैकी एक भारतीय असेल तर गोष्ट पूर्ण बदलते. त्यासाठी प्रश्न १९ पाहा.

१३. आधार आणि बँक खातं मिळेल का? शिकून झाल्यावर इथे नोकरी?

नेपाळ-भूतानच्या नागरिकांना मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस भारतात राहिल्यावर आधार मिळतं, ते दहा वर्षं चालतं. पासपोर्ट नसेल तर नागरिकता प्रमाणपत्रासोबत नेपाळी दूतावासाने दिलेलं फोटो ओळखपत्र लागतं. बांगलादेशच्या विद्यार्थ्याला वैध व्हिसा आणि निवास परवान्यावर एनआरओ खातं, म्हणजे अनिवासींसाठीचं रुपयातलं खातं, उघडता येतं.

नोकरी: नेपाळ-भूतानच्या नागरिकांना वेगळा परवाना न घेता करता येते. केंद्राच्या काही सरकारी नोकऱ्याही पात्रता प्रमाणपत्र घेऊन मिळतात. यूपीएससीची परीक्षाही देता येते, फक्त आयएएस, आयपीएस आणि आयएफएस भारतीय नागरिकांसाठीच आहेत. विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांना मात्र नोकरीसाठी वेगळा व्हिसा घ्यावा लागतो.

१४. मुलीला नीटमध्ये कमी गुण पडले. नेपाळला एमबीबीएस करू का? एजंट म्हणतो तिथली पदवी इथे थेट चालते.

थेट चालत नाही. एजंटने हे लिहून दिलं तरी चालत नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, म्हणजे एनएमसीने, नोव्हेंबर २०२१ मध्ये परदेशी वैद्यकीय पदवीसाठी नियम केले. पहिली अट, नीट पात्र असणं. गुण कमी असले तरी चालतील, पण पात्रतेच्या पर्सेंटाइलखाली असतील तर परदेशातली पदवी इथे कामाची नाही. दुसरी, अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. तिसरी, शिक्षण इंग्रजीतून. चौथी, त्या पदवीवर त्या देशात तिथल्या नागरिकासारखीच प्रॅक्टिस करता आली पाहिजे. पाचवी, सगळं दहा वर्षांत पूर्ण. मग भारतात एफएमजीई, म्हणजे परदेशातून एमबीबीएस केलेल्यांची पात्रता परीक्षा, ३०० पैकी १५० गुण, आणि पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

नेपाळचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, म्हणजे बरोबर ५४ महिने, आणि वर पूर्ण वर्षाची इंटर्नशिप. त्यामुळे मुदतीत तो बसतो. तिथे प्रवेश मिळवायचा तर तिथल्या वैद्यकीय शिक्षण आयोगाची सामायिक परीक्षाही द्यावी लागते, परदेशी विद्यार्थ्यांनाही. ‘परीक्षेशिवाय जागा’ सांगणारा एजंट इथेच उघडा पडतो.

नेपाळ मेडिकल कौन्सिलचं लघुरूपही एनएमसीच आहे. माहितीपत्रकावर ‘एनएमसी मान्यताप्राप्त’ छापलेलं असतं ते बहुतेक वेळा नेपाळचं. कोणती एनएमसी, हे विचारा.

तरीही नेपाळ हा वाईट पर्याय नाही. आजार आपल्यासारखे, हवामान ओळखीचं, रुग्णाशी हिंदी-नेपाळीत बोलता येतं. धरानची बी. पी. कोइराला संस्था १९९३ मध्ये भारताच्याच मदतीने उभी राहिली. हॉस्पिटलात रोज किती रुग्ण येतात, हे स्वतः जाऊन बघा. रिकाम्या खाटांच्या कॉलेजात शिकलेल्या डॉक्टरला एफएमजीई जड जाते.

१५. बांगलादेशला एमबीबीएस? आणि तिथे गडबड झाली तर इथे बदली मिळते का?

नियम प्रश्न १४ मधलेच. अभ्यासक्रम पाच वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, त्यामुळे मुदतीचा प्रश्न येत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजांत सार्क देशांसाठी थोड्या जागा राखीव आहेत. तिथे दहावी-बारावीचे गुण मोजले जातात आणि खर्च फार कमी येतो. काश्मीरची मुलं मोठ्या संख्येने तिकडे शिकतात.

बदलीची आशा धरू नका. जुलै २०२४ मध्ये आंदोलन पेटलं तेव्हा बांगलादेशात सुमारे ८,५०० भारतीय विद्यार्थी होते आणि त्यातले हजारो आगरतळा, डावकी, गेदेच्या नाक्यांवरून परतले. शांतता झाल्यावर त्यांना पुन्हा तिथेच जावं लागलं. कोविडमध्ये चीनमधले सुमारे २३,००० भारतीय विद्यार्थी घरी अडकले, त्यांना व्हिसा मिळायला ऑगस्ट २०२२ उजाडला. मधल्या काळात ऑनलाइन झालेल्या प्रात्यक्षिकांची भरपाई म्हणून अनेकांना भारतात दोन वर्षांची इंटर्नशिप करावी लागली. भारतातल्या मेडिकल कॉलेजात मधूनच शिरायची सोय नाही. म्हणून देश निवडताना, सीमा दोन महिने बंद राहिली तर घरी बसून फी आणि व्याज पेलता येईल का, हा हिशेब आधी करा.

उलट दिशेनेही हेच. भारतात एमबीबीएस करून परतणाऱ्या नेपाळी विद्यार्थ्याला नेपाळ मेडिकल कौन्सिलची परवाना परीक्षा द्यावी लागते.

१६. नेपाळमधून बीबीए केलं. महाराष्ट्रात एमबीएला ती पदवी धरतील का?

धरायला हवी, पण समकक्षता लागेल. पूर्वी हे प्रमाणपत्र फक्त भारतीय विद्यापीठ संघ, म्हणजे एआययू देत असे. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने स्वतःचे नियम आणले, अर्ज ऑनलाइन होतो. प्रवेश देणाऱ्या संस्थेला कोणाचं प्रमाणपत्र हवं, हे विचारून मगच पैसे भरा. फ्रँचायझी पद्धतीने दिलेल्या पदव्यांना समकक्षता मिळत नाही. काठमांडूत बसून तिसऱ्याच देशाच्या विद्यापीठाची पदवी देणारी कॉलेजं बरीच आहेत, तिथे शिकला असाल तर जास्त काळजी घ्या. मेडिकल, नर्सिंग, कायदा, आर्किटेक्चर यांचं त्या-त्या कौन्सिलकडे बघावं लागतं.

१७. आमच्या कॉलेजचा ढाक्याच्या विद्यापीठाशी एमओयू आहे. एक सत्र तिकडे करून क्रेडिट मिळतील?

एमओयूवर, म्हणजे दोन संस्थांमधल्या सामंजस्य करारावर, अवलंबून आहे, आणि बहुतेक एमओयू फोटोपुरते असतात. तो मागून घ्या आणि बघा, क्रेडिट कोणत्या विषयाला किती, शुल्क कोणाला, जागा किती. यातलं एकही वाक्य नसेल तर सत्र वाया जाईल. युरोपात १९८७ पासून विद्यार्थी देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना आहे. वर्षाला ६० क्रेडिट हे माप सगळीकडे एकच, आणि पदव्यांच्या मान्यतेसाठी १९९७ चा लिस्बन करार आहे. दक्षिण आशियात असं सामायिक मापच नाही. भारताने २०२२ मध्ये संयुक्त आणि दुहेरी पदव्यांचे नियम केले, पण परदेशी संस्थेला जागतिक क्रमवारीची अट घातली. त्रिभुवन किंवा भूतानच्या रॉयल विद्यापीठाशी हातमिळवणी करायची तर ती अट आडवी येते. लंडनशी करार सोपा आणि थिम्पूशी अवघड, अशी ही रचना आहे. शेजाऱ्यांसाठी वेगळी अट हवी, असं इथल्या विद्यापीठांनी यूजीसीला एकत्रितपणे कळवायला हवं.

१८. पाकिस्तानात शिकलं तर?

जाऊ नका. एप्रिल २०२२ मध्ये यूजीसी आणि एआयसीटीईने संयुक्त सूचना काढली. पाकिस्तानात पदवी घेणाऱ्या भारतीयाला त्या पदवीवर भारतात नोकरी किंवा पुढचं शिक्षण मिळणार नाही. अपवाद फक्त तिकडून येऊन भारतीय नागरिकत्व मिळालेल्या स्थलांतरितांचा आणि त्यांच्या मुलांचा, तोही गृह मंत्रालयाच्या सुरक्षा मंजुरीनंतर.

१९. माझी आई कोल्हापूरची, वडील नेपाळचे, जन्म २००८ चा इचलकरंजीतला. नेपाळची शिष्यवृत्ती मिळावी म्हणून मामा म्हणतात तिकडची नागरिकता काढ. काढू का?

थांबा. आई भारतीय आणि वडील रीतसर इथे राहणारे नेपाळी नागरिक असतील, तर प्रश्न १२ मधल्या कलमाने तुम्ही जन्माने भारतीय आहात. महाराष्ट्राच्या बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर डोमिसाइल काढता येईल आणि राज्याच्या कोट्यात बसाल. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, नेपाळमध्येही नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने भारतीय नागरिकत्व संपतं. एका शिष्यवृत्तीपायी सीईटीतली जागा, डोमिसाइल आणि पुढची सरकारी नोकरी, सगळंच हातचं जाऊ शकतं.

आधी आईचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, आईवडिलांचं विवाह प्रमाणपत्र आणि तुमचा जन्मदाखला एकत्र करा. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि विवाह प्रमाणपत्रावरचं नाव जुळतं का ते बघा, नसेल तर नावातल्या बदलाचं राजपत्र करून घ्या. मग भारतीय पासपोर्टसाठी अर्ज करा. तो हातात येईपर्यंत नेपाळच्या कुठल्याही अर्जावर सही करू नका, आणि मामांनी भरलेला अर्ज आधीच गेला असेल तर नागरिकत्वाची प्रकरणं हाताळणाऱ्या वकिलाला तो दाखवा.